वाचक विचारतात : पुढे कोण ओढतंय?

मागच्या अंकात टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची तीन आठवड्यांची सायकल शर्यत, टीव्हीवर कशी बघायची यावर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय, गुडघेदुखीवाले आणि गिअरची केबल तुटलेले पुढच्या महिन्यात. बहुतेकांचा सूर एकच होता, की हे लोक एकमेकांना मदत का करतात आणि करत असतील तर मग शर्यत कसली. नाव छापू नका म्हणणारे जास्त निघाले म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

प्रश्न : नातवाबरोबर बसून बघतो. पावणेदोनशे पोरं सायकल हाणतात आणि जिंकतो एक. बाकीचे काय मूर्ख आहेत का?
– एक आजोबा, रामबाग

उत्तर : नाही आजोबा, बाकीचे पगारी आहेत! २०१८ पासून टूरमध्ये एका टीमचे ८ जण असतात (त्याआधी ९ असायचे), टीम साधारण २२-२३, म्हणजे तुमचा आकडा अगदी बरोबर. त्या आठांत एक लीडर, कधी दोन, आणि उरलेले डोमेस्टिक. डोमेस्टिकने काय करायचं, तर मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत बाटल्या कोंबायच्या आणि परत पुढे येऊन वाटायच्या, लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दिवसभर वारा आपल्या अंगावर घ्यायचा.

वाऱ्याचं गणित कळलं की अर्धी शर्यत कळते. सपाटीवर ४५ च्या स्पीडने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या बर्ट ब्लॉकन यांच्या टीमने २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्याचा अभ्यास केला, त्यात असं निघालं की घोळक्याच्या पोटात बसलेल्याला हवेचा अडथळा एकट्याच्या मानाने फक्त ५ ते १० टक्के लागतो. म्हणजे लीडर चार-साडेचार तास आत आरामात बसतो आणि शेवटच्या चढावर ताजा बाहेर पडतो. चढावर मात्र स्पीड वीसवर येतो, आडोशाचा फायदा खूप कमी होतो, मग डोमेस्टिक एकेक करून गळतात आणि शेवटी मालक मालकाच्या समोर उभा राहतो.

आणि आजोबा, जिंकतो एक हेही तितकंसं खरं नाही. पिवळी जर्सी एकूण वेळेची, हिरवी पॉइंटची, ठिपक्यांची डोंगराची, पांढरी २५ वर्षांपर्यंतच्या पोरांची, शिवाय रोजचा टप्पा, म्हणजे स्टेज, वेगळा, आणि एखाद्या छोट्या टीमला तर दहावा नंबर किंवा तीन तास टीव्हीवर स्पॉन्सरचं नाव दिसलं तरी वर्ष वसूल. एकाच रस्त्यावर एकाच वेळी सहा-सात शर्यती चालू असतात. म्हणून नातवाला सांगा, पहिला कोण आहे ते बघू नको, पुढे तोंडाशी कोण ओढतंय आणि त्यात त्याचं काय आहे ते बघ.

प्रश्न : २०२५ च्या जिरोत (इटलीची टूरसारखी शर्यत) फिनेस्त्रेच्या चढावर देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत बसले आणि सायमन येट्स निघून गेला. मी टीव्हीवर ओरडत होते. दोघं मिळून का नाही गेले पाठीमागे?? इतका साधा हिशोब कळत नाही का प्रोफेशनल लोकांना?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, भंवरकुआं

उत्तर : हिशोब कळत होता म्हणूनच बसले. आकडे बघ. शेवटून दुसरा दिवस, विसावा स्टेज. गुलाबी जर्सी, म्हणजे जिरोतली पिवळी, २१ वर्षांच्या इसाक देल तोरोकडे, रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. कोले देल्ले फिनेस्त्रे म्हणजे साडेअठरा किलोमीटरचा चढ, त्यातले शेवटचे आठ कच्च्या रस्त्याचे. येट्स पुढे सटकला. आता देल तोरोच्या डोक्यात काय, की मी ओढत राहिलो तर कारापाझ माझ्या मागे फुकट बसून शेवटी मलाच सोडून पळणार, दुसरा नंबर त्याचा आहे, जर्सी हवी असेल तर त्याने ओढावं. कारापाझच्या डोक्यात काय, की जर्सी तुझ्या अंगावर आहे बाबा, वाचवायची गरज तुला, मी ओढून तुला जिरो का जिंकून देऊ. दोघांचंही बरोबर! आणि दोघांचं बरोबर असल्यामुळे दोघांनी मिळून त्या दिवशी येट्सला ५ मिनिटं १३ सेकंद दिले. येट्सने जिरो जिंकला ३ मिनिटं ५६ सेकंदांनी.

पण येट्सच्या टीमचा डाव सकाळीच सुरू झाला होता हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याच्या विस्मा-लीज अ बाइक टीमने वाउट फान आर्टला सकाळच्या ब्रेकअवेमध्ये, म्हणजे घोळका सोडून पुढे पळालेल्या गटात, धाडून ठेवलं होतं. याला सॅटेलाइट रायडर म्हणतात. तो स्टेज जिंकायला गेलेला नाही, पुढे जाऊन वाट बघायला गेलाय. येट्स फिनेस्त्रेच्या माथ्यावरून एकटा आला असता तर सेस्त्रिएरेच्या आधीच्या खोऱ्यात वाऱ्याने त्याचा जीव काढला असता आणि मागचे दोघं शहाणे झाले असते तर पकडलाही असता, पण तिथे फान आर्टसारखा दणकट गडी थांबलेला, त्याने येट्सला मागे घेतलं आणि फरक वाढवत नेला. आणि गंमत म्हणजे येट्सचा जुळा भाऊ ॲडम हा देल तोरोच्याच टीममध्ये, यूएईत, पण तो त्या वेळी मागे पडलेला होता, म्हणजे घरचा माणूस दुसऱ्याच्या नोकरीत आणि तोही कामाला नाही.

अजून एक. याच फिनेस्त्रेवर २०१८ मध्ये गुलाबी जर्सी सायमन येट्सच्या अंगावर होती आणि तो त्या दिवशी इतका कोसळला की अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला, आणि ख्रिस फ्रूम ८० किलोमीटर एकटा पळून जिरो घेऊन गेला. त्या दिवशी फ्रूमच्या मागे पाच जण होते, दुमुलां, पिनो, पिनोचा साथीदार रायशेनबाख, मिगेल आंखेल लोपेझ आणि हाच आपला कारापाझ. पाच जण एकाला पकडू शकत नाहीत? नाही शकले, कारण लोपेझ आणि कारापाझ यांचं पांढऱ्या जर्सीसाठी आपसात चाललं होतं, ते दुमुलांला फुकट कशाला मदत करतील. दुमुलां बिचारा चिडून चिडून थकला आणि शेवटी ४६ सेकंदांनी जिरो हरला. म्हणजे बघ, एका गटात पाच माणसं आणि तीन वेगळ्या शर्यती. तू ओरडलीस ते ठीकच, मी पण ओरडलो.

प्रश्न : दुसऱ्या टीमच्या माणसाला मदत करणं म्हणजे सरळ फिक्सिंग ना?
– सुदामा नगर

उत्तर : थेट मदत केली तर दंड होतो. २०१५ च्या जिरोत रिची पोर्टचं चाक शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पंक्चर झालं, दुसऱ्या टीमचा सायमन क्लार्क थांबला आणि त्याने आपलं चाक काढून दिलं, दोघंही ऑस्ट्रेलियन, दोस्ती. टाळ्या पडल्या. आणि मग संध्याकाळी नियमाचं पुस्तक उघडलं गेलं आणि दोघांना दोन-दोन मिनिटांची पेनल्टी. आपल्या टीममधल्याला चाक द्या, सायकल द्या, ढकला नको फक्त, पण परक्याला द्यायचं नाही. आपसात ठरवून निकाल बदलणं यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमात बंदच आहे.

पण दोघांचा फायदा एकाच दिशेला असला आणि दोघं मिळून ओढत असले तर त्याला कोण काय म्हणणार? १९८६ च्या टूरमध्ये बर्नार्ड इनो आणि पेद्रो देल्गादो वेगवेगळ्या टीमचे, पण पो गावच्या स्टेजला दोघं मिळून पळाले, स्टेज देल्गादोने घेतला, पिवळी जर्सी इनोने. यात कागदावर काही लिहावं लागत नाही, डोळ्यांनी होतं. एकाला आजचा दिवस हवाय, दुसऱ्याला पॅरिसला पोचताना वेळ हवाय, मग भांडण कशाचं.

कधी तर मदत करणाऱ्याचा तसा इरादाही नसतो. २०२३ च्या व्हुएल्टात (स्पेनची टूरसारखी शर्यत) आंग्लिरूच्या भयंकर चढावर सेप कुसला त्याच्याच टीमच्या रोग्लिच आणि विंगेगार्डने मागे टाकलं, लाल जर्सी, म्हणजे तिथली पहिल्या नंबराची, जायचीच वेळ आली, आणि कुस चिकटला मिकेल लांदाच्या मागे. लांदा बहारीन टीमचा, तो आपल्या नंबरासाठी हाणत होता. कुसची जर्सी ८ सेकंदांनी वाचली. आपल्या माणसांपासून परक्याने वाचवलं म्हणा ना.

आणि आडवा वारा आला की तर काय, भिडू दहा मिनिटांत बदलतात. इंदूरच्या सुपर कॉरिडोरवर उन्हाळ्यात संध्याकाळी सायकल घेऊन गेलेल्यांना माहीत आहे आडवा वारा काय चीज असते, सरळ मागे बसून आडोसा मिळत नाही, तिरकी रांग करावी लागते, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटचा माणूस कडेला वाऱ्यात लटकतो. याला एशलॉन म्हणतात. २०१३ च्या टूरमध्ये तेराव्या स्टेजला सां-आमाँ-मोंराँला जाताना वाल्वेर्देचं चाक नेमकं अशाच वेळी गेलं. पुढे कॅव्हेंडिशच्या टीमला स्प्रिंटमधले, म्हणजे शेवटच्या सुसाट पळण्यातले, प्रतिस्पर्धी मागे ठेवायचे होते आणि बेल्किन टीमला वाल्वेर्देला एकूण वेळेत खाली पाडायचं होतं. दोन टीमची दोन वेगळी कारणं, काम एकच, दामटा. वाल्वेर्देच्या टीमने मागे थांबून जीव तोडला तरी तो जवळजवळ दहा मिनिटं मागे पडला. नंतर काँतादोरच्या सॅक्सो टीमने त्याच वाऱ्यात अजून एक तुकडा पाडला आणि फ्रूमला पण एक मिनिटाचा फटका. याला फिक्सिंग म्हणायचं तर मग संसदेतली प्रत्येक आघाडी फिक्सिंग, असो, आपलं सदर सायकलचं आहे.

प्रश्न : ब्रेकअवे पकडलाच जाणार असतो, तरी रोज सकाळी चार-पाच येडे पुढे पळतात. कशाला?
– राजेंद्र नगर

उत्तर : रोज नाही पकडला जात हो. फ्रेंच कॉमेंटेटर रोबेर शापात यांचा जुना हिशोब आहे, मागचा घोळका दर १० किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. म्हणजे ३० किलोमीटर राहिले आणि फरक अडीच मिनिटं तर विषय संपला, पाच मिनिटं असेल तर पुढचे हसत जाणार. पण घोळक्याने मागे लागायला कुणाला तरी ओढावं लागतं ना, आणि पिवळ्या जर्सीची टीम बघते की पुढच्यात कुणी धोक्याचा नाही, स्प्रिंटरच्या टीम बघतात की आज चढ आहे आपलं काही खरं नाही, मग कुणीच ओढत नाही आणि ब्रेकअवे पोचतो. कुसची २०२३ मधली लाल जर्सीची वाट अशीच मोकळी झाली, सहाव्या स्टेजला ब्रेकअवेतून जिंकला, बाकीच्यांना वाटलं हा तर डोमेस्टिक आहे, जाऊ द्या.

ब्रेकअवेच्या आत मात्र भिशीचा नियम चालतो. प्रत्येकाने आपली पाळी आली की पुढे येऊन ओढायचं, मग बाजूला होऊन मागे जायचं, आणि सगळ्यांना माहीत असतं की पैसे शेवटी एकच उचलणार आहे, तरी हप्ता भरायचा, कारण कुणी भरला नाही तर भिशीच फुटते. आता ज्याचा लीडर मागच्या घोळक्यात आहे तो हप्ता भरत नाही, म्हणतो रेडिओवर नको सांगितलंय. खरं असतं ते, बाकीच्यांना पटतंही, पण शिव्या खातोच. खरी बदमाशी शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये असते जेव्हा ज्याचा स्प्रिंट चांगला तो अचानक दमल्याचं नाटक करायला लागतो.

आणि काही ब्रेकअवे निव्वळ हौसेचे. २०२५ च्या टूरमध्ये शातोरूच्या स्टेजला मॅथ्यू फान डर पूल आपल्या टीममधल्या योनास रिकार्टला घेऊन सुरुवातीलाच पळाला, दोघंच, पावणेदोनशे किलोमीटर सपाट रस्ता, कारण काय तर रिकार्टला आयुष्यात एकदा टूरच्या पोडियमवर उभं राहायचं होतं. झुंजार रायडरचं बक्षीस त्याला मिळालं, उभा राहिला. फान डर पूल मात्र शेवटचा एक किलोमीटरही राहिला नसताना पकडला गेला. स्टार माणूस आपल्या डोमेस्टिकसाठी दिवसभर राबला, मला वर्षातला सगळ्यात आवडलेला स्टेज तोच.

प्रश्न : कुणी पडलं तर बाकीचे थांबतात म्हणे. हा नियम आहे का?
– परदेशीपुरा

उत्तर : नियम नाही, रीत आहे, आणि सोयीप्रमाणे पाळतात. २०२२ च्या टूरमध्ये पोगाचार उतारावर घसरला तेव्हा विंगेगार्ड थांबला, पोगाचारने हात मिळवला. २०१० मध्ये अँडी श्लेकची चेन उतरली तेव्हा काँतादोर थांबला नाही आणि ३९ सेकंद घेऊन गेला.

प्रश्न : भाऊ, मला यातलं टेक्निकल कळत नाही, पण मुलगा बघतो म्हणून बसते. दुसऱ्यासाठी राबून राबून त्या पोरांना मिळतं काय? नाव लीडरचं, फोटो लीडरचा. वाईट वाटतं.
– एक काकू, लोकमान्य नगर

उत्तर : काकू, पैशाचं आधी सांगतो. टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो मिळतात आणि रिवाज असा की ते तो स्वतः ठेवत नाही, टीममध्ये वाटतो, त्याची खरी कमाई पुढच्या काँट्रॅक्टमध्ये. चांगल्या डोमेस्टिकचा पगारही चांगला असतो आणि टीम एकमेकांच्या डोमेस्टिकवर डोळा ठेवून असतात.

पण तुम्ही पैशाचं विचारत नाही आहात हे कळलं. १९३४ ची गोष्ट आहे, रने व्हिएतो, २० वर्षांचा पोरगा, पहिलाच टूर, डोंगरात सगळ्यात भारी. फ्रान्सच्या टीमचा लीडर आंतोनँ माञ उतारावर पडला, चाक मोडलं, व्हिएतोने आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि गाडीची वाट बघत रस्त्याकडेच्या भिंतीवर रडत बसला. तो फोटो आजही छापतात. दुसऱ्या दिवशी परत तेच, या वेळी व्हिएतो पुढे होता, त्याला कळलं माञची सायकल बिघडली, तो डोंगर उलटा चढून मागे गेला आणि सायकल देऊन आला! माञने टूर जिंकला, व्हिएतो पाचवा. टूर त्याने नंतर कधी जिंकला नाही, पण फ्रान्समध्ये आज माञला किती लोक ओळखतात आणि व्हिएतोला किती, हे विचारून बघा.

आणि कुसचं तर वर दोनदा आलंच. त्या एका वर्षात तो जिरोत रोग्लिचसाठी राबला, टूरमध्ये विंगेगार्डसाठी राबला, दोघंही जिंकले, आणि तिसऱ्या शर्यतीत, व्हुएल्टात, हे दोघं त्याच्या मागे दुसरे-तिसरे आले. आंग्लिरूनंतर लोकांनी इतका आरडाओरडा केला की दोघांना शेवटी त्याच्यासाठी काम करावं लागलं. १७ सेकंदांनी का होईना, जिंकला.

प्रश्न : एका टीममध्ये दोन लीडर असले तर?
– ओल्ड पलासिया

उत्तर : तर कॉमेंटेटरची चांदी. १९८५ ला ग्रेग लेमाँडने इनोला टूर जिंकायला मदत केली, इनो म्हणाला पुढच्या वर्षी तुझ्यासाठी राबीन, आणि पुढच्या वर्षी वर सांगितलेला देल्गादोबरोबरचा उद्योग करून पिवळी जर्सी स्वतःच घातली. दुसऱ्या दिवशी अजून लोभ केला आणि फुटला. शेवटी टूर लेमाँडनेच जिंकला, आल्प द्युएझवर दोघं हातात हात घालून आले. मला इनो आवडतो, पण शब्द त्याने पाळला असं मी तरी म्हणणार नाही.

१९८७ चा जिरो याहून भारी. स्टीफन रोशने स्वतःच्याच टीमच्या विझेंतीनीवर, तोही गुलाबी जर्सीत असताना, साप्पादाच्या स्टेजला हल्ला केला. टीमच्या मॅनेजरने उरलेल्या पोरांना रोशच्या मागे लावलं, म्हणजे टीमच टीमचा पाठलाग करतेय. विझेंतीनी कोसळला, जर्सी रोशकडे, आणि इटलीचं पब्लिक इतकं खवळलं की रस्त्यावर त्याच्यावर थुंकायला लागलं. टीममध्ये त्याच्या बाजूने एकच माणूस, बेल्जियमचा एडी स्खेपर्स. मग डोंगरात एका बाजूला स्खेपर्स आणि दुसऱ्या बाजूला चक्क पॅनासॉनिक टीमचा रॉबर्ट मिलर, म्हणजे आताची फिलिपा यॉर्क, असे दोघं त्याला मध्ये घेऊन चालले. मदत करणारी परकी टीम आणि मारणारी घरची. रोश जिंकला, त्याच वर्षी टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप पण जिंकला.

सगळ्यात शहाणपणाने निभावलं ते २०१२ ला स्काय टीमने. फ्रूम चढावर विगिन्सपेक्षा तेज होता हे सगळ्या जगाला दिसत होतं, ला तूसुईरवर तो सुटला, कानात रेडिओवर थांब सांगितलं, थांबला. विगिन्स पहिला, फ्रूम दुसरा. पुढच्या वर्षी फ्रूम पहिला.

प्रश्न : भिया, आमचा ग्रुप रविवारी खंडवा रोडला सिमरोलच्या घाटापर्यंत जातो. एक जण आहे, जाताना पूर्ण वेळ मागे बसतो, एकदाही पुढे येत नाही, आणि घाट आला की सगळ्यांना टाकून वर जाऊन सेल्फी, परतताना पोहे-जलेबीच्या दुकानावर पण पहिला. याचा काय इलाज?
– पाच त्रस्त सायकलवाले, वैशाली नगर

उत्तर : भिया, पाच विरुद्ध एक आहात आणि मला विचारता? त्याच्या पुढचा माणूस हळूच स्पीड कमी करेल आणि चार मीटरची फट पडेल असं करा, बाकीचे चार दामटा. ती फट भरायची कुणी, तर त्यानेच, वारा खात. त्याने भरली की पुन्हा पाडा, दुसऱ्या माणसाने. घाटाच्या पायथ्यापर्यंत पाच-सहा वेळा झालं की सेल्फी काढायला हात उचलणार नाही. किंवा फान आर्टवाला डाव, तुमच्यातला तगडा एक जण अर्धा तास आधी निघून घाटावर थांबवा आणि येताना त्याच्या मागे बसून या. ट्रक-डंपरवाला रस्ता आहे तर तिरकी रांग वगैरे प्रयोग तिथे करू नका, ते सकाळी सहाच्या आत रिकाम्या सुपर कॉरिडोरवर. आणि पोह्यांचं बिल जो सगळ्यात कमी पुढे आला त्याने द्यायचं असं आधीच ठरवून टाका, बघा कसा ओढतो.